वाऱ्यावरचं टपाल: विनलिंक तीन वर्षं वापरल्यावर

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगून टाकते. विनलिंक म्हणजे हॅम रेडिओवरून, म्हणजे परवाना काढलेल्या हौशी लोकांच्या रेडिओवरून, ईमेल पाठवायची सेवा. फुकट आहे. मंद आहे. दिसायला पंचवीस वर्षांपूर्वीच्या बँकेतल्या कॉम्प्युटरसारखी आहे. जुलै २०२४ मध्ये आमच्या गल्लीतलं बाकी सगळं गप्प झालं तेव्हा माझ्या गॅरेजमधून सांगलीला निरोप पोचला तो हिच्यामुळेच. तरी "सगळ्यांनी घ्याच" असं मी म्हणणार नाही.

मी इंजिनिअर नाही, हेही आधीच सांगते. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण इंजिनिअर असतात आणि त्यांना सगळंच सोपं वाटतं. मी ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटीला राहते, एका दातांच्या दवाखान्याचा हिशेब बघते. माहेर सांगली, गावभाग.

गावभाग म्हटलं की सांगलीकरांना पुढचं सांगावं लागत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४५. आई, दादा, वहिनी वरच्या मजल्यावर, खाली माजघरात गळ्याइतकं पाणी, आणि फोन काही लागेना. जवळजवळ दोन दिवस मी इथे बसून तेच तीन नंबर आलटून पालटून फिरवत होते. "बरे आहोत" एवढे दोन शब्द आले असते तरी पुरे होते. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सास गोठलं, वीज गेली, तेव्हा पारडं उलटं झालं. दादा तिकडून नंबर फिरवतोय आणि मी इकडे तीन स्वेटर घालून गॅसच्या शेगडीवर हात शेकतेय. त्या आठवड्यानंतर परवाना काढायचं मनावर घेतलं.

परवान्याचं फार लांबवत नाही. अमेरिकेत पहिली पायरी टेक्निशियन, दुसरी जनरल. दोन्हींना ३५ प्रश्न, २६ बरोबर आले की पास, आणि सगळा प्रश्नसंच आधीच जाहीर असतो. नागरिकत्व लागत नाही. मी २०२१ मध्ये परीक्षेचे १५ डॉलर भरले होते. एप्रिल २०२२ पासून एफसीसी, म्हणजे परवाना देणारं इथलं सरकारी खातं, वेगळे ३५ डॉलर घेते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: लांब पल्ल्याच्या शॉर्टवेव्हवर ईमेल पाठवायची तर टेक्निशियनवर भागत नाही, जनरल लागतोच. मला हे पहिली परीक्षा पास होऊन पेढे वाटल्यावर कळलं.

आता हे चालतं कसं. माझी आत्या विट्याला असायची. दिवाळीत आई फराळाचा डबा एस.टी.च्या कंडक्टरकडे द्यायची. डब्यावर आत्याच्या यजमानांचं नाव, आणि विट्याच्या स्टँडवर आतेभाऊ उभा. विनलिंक हुबेहूब तसं आहे. लॅपटॉपवर मी पत्र लिहिते. मॉडेम नावाचा प्रोग्रॅम त्याचा आवाज करतो, तो आवाज रेडिओतून बाहेर पडतो आणि कुठल्यातरी गावातल्या दुसऱ्या हॅमच्या स्टेशनवर ऐकू जातो. त्या स्टेशनचं अधिकृत नाव रेडिओ मेसेज सर्व्हर, बोलताना सगळे गेटवे म्हणतात. तिथे इंटरनेट चालू असतं. गेटवे पत्र उचलून मुख्य सर्व्हरकडे देतो, आणि तिथून पुढे ते साध्या ईमेलसारखं दादाच्या जीमेलमध्ये जाऊन पडतं. उत्तर आलं की ते मुख्य सर्व्हरवर थांबून राहतं. मी पुन्हा कुठल्याही गेटवेला, मग तो कालचा असो वा हजार किलोमीटरवरचा दुसरा, हाक मारली की माझा डबा माझ्या हाती.

"कुठल्याही" हा शब्द इथे सगळ्यांत मोलाचा. सांगलीहून गाडी सुटत नसेल तर मिरजेच्या स्टँडवर जायचं, तिथून नसेल तर कोल्हापूरला. वादळात आमच्या आसपासचे गेटवे आमच्याबरोबरच अंधारात जातात, पण शॉर्टवेव्ह आभाळाला आपटून खाली येते ती थेट शेजारच्या राज्यात. तिथे दिवे चालू असतात.

हे गेटवे चालवणारे कोण? आपल्यासारखीच माणसं. स्वतःच्या घरचा रेडिओ, स्वतःची वीज, स्वतःचं इंटरनेट, चोवीस तास. सगळ्या व्यवस्थेमागे अमेच्युअर रेडिओ सेफ्टी फाउंडेशन ही ना-नफा संस्था आहे आणि कामं करणारे स्वयंसेवक आहेत. त्यामुळे ग्राहकसेवेचा फोन नंबर वगैरे शोधू नका. अडलात तर क्लबातले आजोबा. आमच्या क्लबात असे एक आहेत, ऐंशीच्या पुढचे, नौदलातून निवृत्त. मला यातलं जे काही येतं त्यातलं निम्मं त्यांनी गाडीच्या टपावर लॅपटॉप ठेवून शिकवलेलं आहे.

खर्चाचं. सेवा फुकट आहे म्हणजे सामान फुकट आहे असं नाही. माझा याएसू एफटी-८९१ रेडिओ साडेसहाशे डॉलरला पडला. डिजिरिग नावाची काडेपेटीएवढी डबी लॅपटॉप आणि रेडिओ यांना जोडते, ती केबलांसकट साठाच्या घरात. शंभर अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी, सौर पॅनेल, वायर, कनेक्टर धरून हजाराच्या पुढे गेलेच. नवऱ्याने एकदा वहीत बेरीज मांडायला घेतली होती. मी वही काढून घेतली. कमीत सुरुवात करायची असेल तर जवळच्या गेटवेसाठी हातातला साधा व्हीएचएफ (जवळच्या पल्ल्याचा) वॉकीटॉकी आणि छोटा पॅकेट मॉडेम (पॅकेट ही निरोप पाठवायची साधी पद्धत) एवढ्यावर होतं. पॅकेटचा वेग सेकंदाला १२०० बिट. मुंगीच्या पावलांनी, पण निरोपाला पुरे. फक्त गेटवे वीस-तीस मैलांत आणि शुद्धीवर हवा.

आता प्रोग्रॅम. विनलिंक एक्सप्रेस. उघडलात की राखाडी खिडक्या, बारीक अक्षरं, मेन्यूत मेन्यू. मुलीने पाहिलं आणि विचारलं, "आई, हे म्युझियममधून आणलंस का?" फक्त विंडोजवर चालतं. मॅक आणि लिनक्सवाल्यांना पॅट नावाचा वेगळा प्रोग्रॅम आहे, अँड्रॉइडवर वोॲड, आयफोनवर रेडिओमेल. पण बैठकीचं काम एक्सप्रेसवरच होतं. नोंदणीचे पैसे ऐच्छिक आहेत, भरेपर्यंत एक खिडकी येऊन गोड शब्दांत आठवण करत राहते. मी वर्षभर ती आठवण सहन केली आणि मग लाजेने भरले.

रूप सोडलं तर आत मात्र डोकं आहे. मला सगळ्यांत आवडणारा भाग गेटवे निवडायचा तक्ता. तुमचं ठिकाण आणि घड्याळातली वेळ यांवरून तो हिशेब मांडतो की या घटकेला कुठला गेटवे कुठल्या फ्रिक्वेन्सीवर लागायची शक्यता किती, आणि चांगले पर्याय वर आणून हिरवे करून ठेवतो. दिवसा ४० मीटरचा बँड (म्हणजे तेवढ्या लांबीच्या रेडिओलहरींचा पट्टा), लांबचं हवं तर २०, रात्री ८०, हे मला पाठ व्हायला सहा महिने लागले असते. तक्त्याने पहिल्या दिवशीच सांगितलं. अर्थात तो पंचांगासारखा आहे. मुहूर्त सांगतो, लग्न लागेलच याची हमी देत नाही.

आणि पत्र चढताना पाहणं! गेटवे सापडला की रेडिओतून खरखर-गुरगुर सुरू होते, पिठाच्या गिरणीत कुणीतरी खडे टाकल्यासारखी. एकदा इकडची खरखर, एकदा तिकडची. खाली खिडकीत ओळी सरकतात: नमस्कार, तू कोण, तुझ्याकडे काय आहे, माझ्याकडे तुझं एक आहे, घे, मिळालं, राम राम. चुकलेला तुकडा पुन्हा मागून घेतला जातो, म्हणून आवाज कितीही फाटका असला तरी अक्षर चुकत नाही. आलं तर पूर्ण येतं, नाहीतर येत नाही.

खरखरीच्या भाषा अनेक आहेत. पॅक्टर सगळ्यांत जुनी आणि दमदार. तिचे जर्मन मॉडेम हजार डॉलरच्या पुढे, म्हणून ती मुख्यतः शिडाच्या बोटीवाल्यांकडे. तिची चौथी आवृत्ती अमेरिकेत चालत नव्हती, जानेवारी २०२४ पासून एफसीसीने ३०० बॉडची (म्हणजे सेकंदाला ३०० चिन्हांची) जुनी वेगमर्यादा उठवली तेव्हा मोकळी झाली. आर्डॉप फुकट आणि जरा नाजूक. सध्या बहुतेक जण जिच्यावर आहेत ती स्पेनमधल्या एका हॅमने लिहिलेली. ती लॅपटॉपच्या साउंडकार्डवर चालते, वेगळं मॉडेम घ्यावं लागत नाही. वेगाला लगाम घातलेली आवृत्ती फुकट, पूर्ण वेगाचे मी ६९ डॉलर मोजले. या सगळ्या खटाटोपात हे ६९ सर्वांत सत्कारणी लागले.

हिचं नाव वारा. म्हणजे स्पेलिंग व्ही-ए-आर-ए. याचा मला फार आनंद झाला होता, वाऱ्यावर पत्र पाठवायला वारा नावाचा प्रोग्रॅम! तो आनंद कसा अंगाशी आला ते पुढे येईलच.

जुळवाजुळव करताना पहिले दोन महिने मी रडकुंडीला आले. आवाजाची पातळी जरा जास्त ठेवली की सिग्नल फाटतो, कमी ठेवली की कुणाला ऐकू जात नाही. शंभर वॅटवर पाठवायला गेले की रेडिओची लहर यूएसबी केबलमध्ये शिरून लॅपटॉपचा माउस गोठायचा. केबलला फेराइटचे मणी अडकवल्यावर आणि चाळीस वॅटवर उतरल्यावर थांबलं. एका रविवारी तर लॅपटॉपचे सगळेच आवाज रेडिओकडे वळलेले आहेत हे मी पाहिलंच नव्हतं. नव्या मेसेजची "टिंग" ४० मीटर बँडवरून अर्ध्या टेक्सासला ऐकू गेली. आजोबांचा लगेच फोन: "बाई, तुमची दाराची बेल हवेत वाजतेय."

मग ८ जुलै २०२४. बेरिल वादळ पहाटे मॅटागोर्डापाशी जमिनीवर आलं. पहिल्या श्रेणीचं, म्हणजे कागदावर किरकोळ. मे महिन्यातच १६ तारखेला वाऱ्याच्या तडाख्याने ह्यूस्टनच्या उंच इमारतींच्या काचा उडवल्या होत्या, त्यामुळे झाडं आधीच खिळखिळी झालेली. बेरिलने बावीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज घालवली. आमची साडेचार दिवस गेली. घराचं इंटरनेट वीजेबरोबर, आणि मोबाईलवर एक दांडी यायची, मेसेज अर्धा जायचा, गोल फिरत राहायचं.

माझा अँटेना म्हणजे वीस मीटर काळी बारीक वायर. बारीक आणि काळी अशासाठी, की आमच्या वसाहतीच्या नियमांत अँटेना बसत नाही. ती मागच्या पेकानच्या झाडाला बांधलेली होती, पानांत कुणाला दिसत नसे. सकाळी पडदा सरकवला तर पेकान कुंपणावर आडवा आणि वायर त्याच्याखाली. तीन वर्षांची तयारी झाडाखाली! हसावं की रडावं कळेना. नवऱ्याने मुकाट्याने करवत आणली. वायर दोन ठिकाणी तुटली होती, ती पिळून, टेप मारून, गॅरेजच्या कौलांवरून टाकून दुसरं टोक शेजारणीच्या परवानगीने तिच्या बास्केटबॉलच्या खांबाला बांधलं. त्या दिवशी वसाहतीचे नियम वाचायला कुणाला वेळ नव्हता.

जवळचा व्हीएचएफ गेटवे मुका. अपेक्षितच. ४० मीटरवर तक्त्यात पहिला आलेला गेटवे हाक ऐकून उत्तर देईना. दुसरा लागला आणि मध्येच सुटला. शेजारच्या तीन घरांतले जनरेटर रेडिओवर माशा घोंगावल्यासारखे येत होते. तिसरा ओक्लाहोमातला, साडेसहाशे किलोमीटरवरचा. अकराव्या हाकेला जुळला. माझं पत्र नऊ ओळींचं, दाबून बसवल्यावर जेमतेम पाचशे बाइट, दोन मिनिटांच्या आत गेलं. खाली "राम राम" झाल्यावर मी गॅरेजच्या फरशीवर बसले ती बराच वेळ उठले नाही. बाहेर उकाडा, आत त्याहून जास्त. घड्याळात रात्रीचे नऊ, म्हणजे सांगलीत दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात. दादा दुधाच्या पिशव्या आणून चहा पीत असणार.

आता लिपीचं. देवनागरीच्या भानगडीत मी पडलेच नाही. एकेका अक्षराला तीन बाइट, काना-मात्रा-वेलांटीचे परत वेगळे तीन. अशा वेळी तेवढी चैन परवडत नाही. म्हणून रोमनमध्ये मराठी. मी उत्साहाच्या भरात शेवटी लिहिलं होतं: "वारा मस्त चाललाय, ४० मीटरवर, काळजी नको." स्पेलिंग तेच, व्ही-ए-आर-ए. दादाने वाचलं की वादळ अजून चालूच आहे आणि वारा चाळीस मीटर उंचीवर काहीतरी करतोय. वहिनीने देव पाण्यात घातले. आमच्या आईचं म्हणणं, की पोरगी असल्या वाऱ्याला मस्त म्हणतेय म्हणजे तिच्या डोक्यावर परिणाम झालाय.

हे मला कळलं तेही उशिरा, कारण दादाची पहिली दोन उत्तरं माझ्यापर्यंत आलीच नाहीत. इथे विनलिंकचा एक नियम आहे आणि तो नवख्याला हमखास नडतो. रेडिओवर फालतू जाहिराती येऊ नयेत म्हणून अनोळखी पत्त्यावरून आलेलं ईमेल सर्व्हर परत पाठवतो. तुम्ही ज्याला आधी पत्र लिहिलंय त्याचा पत्ता आपोआप यादीत जातो. मी लिहिलं होतं दादाच्या एका पत्त्यावर, त्याने उत्तर दिलं ऑफिसच्या दुसऱ्या पत्त्यावरून. अनोळखी माणसाने विषयाच्या सुरुवातीला दोन तिरप्या रेघा आणि त्यापुढे डब्ल्यू-एल-दोन-के असं टाकलं तर पत्र आत येतं. (विनलिंक २००० या जुन्या नावाची ती आद्याक्षरं.) हे दादाला आधी सांगून ठेवायचं काम माझं होतं, मी ते केलं नव्हतं.

तिसरं उत्तर आलं. आलं म्हणजे काय, येतच राहिलं. दादाच्या ऑफिसच्या सहीखाली कंपनीचा रंगीत लोगो, त्याखाली "हे पत्र गोपनीय आहे" असा इंग्रजी परिच्छेद, त्याखाली माझंच मागचं पत्र. मजकूर एक ओळ: "देवाची कृपा. कसला वारा?" बाकी सगळं वरातीतलं. रात्रीच्या त्या बँडवर, विजांच्या कडकडाटात, तो लोगो उतरवायला तेवीस मिनिटं आणि बॅटरीचा चांगला घोट गेला. एक्सप्रेसमध्ये पत्र उतरवायच्या आधी त्याचा आकार बघून नको म्हणायची सोय आहे. ती चालू करून ठेवा. आजच.

आकाराची मर्यादा तशी १२० किलोबाइट आहे. पण मर्यादेपर्यंत जाता येतं म्हणून जाऊ नये. मी चौथ्या दिवशी पडलेल्या पेकानचा फोटो लहान करून, २८ किलोबाइटचा, पाठवला. नऊ मिनिटं लागली. तेवढा वेळ तो गेटवे माझ्या एकटीच्या झाडासाठी अडला होता आणि त्याच वाऱ्यात माझ्यासारखे कित्येक निरोप घेऊन बसले असतील. पुन्हा नाही केलं. आमच्या घरी लहानपणी तार करायची तर बाबा पोस्टाच्या फॉर्मवर लिहून मग एकेक शब्द खोडायचे, "आपला" काढा, "कृपया" काढा. देशातली तार १४ जुलै २०१३ ला बंद झाली, पण ती सवय मला इथे येऊन लागली.

आणखी दोन गोष्टी, ज्या लोकांना आवडत नाहीत. पहिली, इथे गुप्त काही नाही. हॅम रेडिओवर सांकेतिक भाषेत लपवून बोलायला बंदी आहे. रेडिओवरून गेलेलं पत्र कुणीही परवानाधारक हॅम विनलिंकच्या संकेतस्थळावर वाचू शकतो. मराठीत लिहायला हरकत नाही, मराठी म्हणजे काही सांकेतिक भाषा नव्हे, पण ह्यूस्टनमध्ये मराठी वाचणारे थोडे आहेत का? तेव्हा सासूबाईंविषयी जे काही असेल ते विमानाने. दुसरी, धंद्याचं काही चालत नाही. "सोमवारी दवाखाना बंद, पेशंटना कळवा" असं मला पाठवायचं होतं. आजोबांनी मान हलवली आणि म्हणाले, तुमच्या पगाराशी ज्याचा संबंध येतो ते इथे नको. दवाखान्याला माझा निरोप दोन दिवसांनी मोबाईलची दांडी आल्यावर गेला.

विनलिंकमध्ये हवामानाचे अंदाज मागवायची सोय आहे, आपलं ठिकाण कळवायची आहे, आपत्तीच्या वेळी लागणारे छापील अर्ज भरायची आहे, गेटवे न वापरता थेट दुसऱ्या हॅमला पत्र द्यायचीही आहे. बोटीवाले त्यातल्या हवामानावर जगतात. मी बेरिलमध्ये फक्त अंदाज मागवले. दोन-तीन केबींचा मजकूर, नकाशा नाही, चित्र नाही: उष्णतेचा इशारा, पाऊस नाही. गल्लीतल्या नऊ घरांना मी ते वाचून दाखवत होते. बुधवारपर्यंत माझं नाव "वेदर लेडी" पडलं.

आता तो प्रश्न, जो नवरा दर वेळी विचारतो: उपग्रह काय वाईट? काहीच वाईट नाही. खिशातलं सॅटेलाइट मेसेंजर घ्या, महिन्याची वर्गणी भरा, आभाळाखाली उभं राहा, निरोप जातो. बेरिलनंतर दोनच महिन्यांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, आयओएस १८ आलं आणि इथल्या नव्या आयफोनांवरून साधे मेसेजसुद्धा उपग्रहामार्फत जायला लागले. ना परीक्षा, ना वायर, ना पेकान. ज्याला फक्त "बरे आहोत" एवढंच कळवायचं आहे त्याने तेच करावं, मी माझ्या मुलीलाही तेच सांगितलंय. विनलिंक त्याच्यासाठी, ज्याला दर आठवड्याला अर्धा तास या खरखरीबरोबर बसायला आवडतं. मला आवडतं. एकदा सामान जुळवून कपाटात ठेवलं आणि वादळाच्या दिवशी काढलं, असं करणाऱ्या आमच्याच क्लबातल्या दोघांना बेरिलमध्ये एकही पत्र पाठवता आलं नाही. एकाचा पासवर्ड हरवला होता, दुसऱ्याचा लॅपटॉप अपडेट मागत बसला. मी दर बुधवारी हजेरीचं एक छोटं पत्र पाठवते, आणि महिन्यातून एकदा घराची वीज न वापरता, बॅटरीवर. तेवढ्यानेच अकराव्या हाकेपर्यंत धीर राहिला.

भाच्याला हे सगळं ऐकून सांगलीत असंच काही उभारायचंय. त्याला मी एवढंच सांगितलंय की भारतात परवाना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून मिळतो, परीक्षा द्यावी लागते, तिथले नियम इथल्यासारखे नाहीत, आणि माझा अमेरिकी परवाना घेऊन मला, म्हणजे त्याच्या आत्याला, तिथल्या गच्चीवर बसवता येणार नाही. आधी परीक्षा दे, आधी आवाजावर बोलायला शिक, मग ईमेल.

तारे द्यायचेच तर पाचपैकी चार. एक कापला तो राखाडी खिडक्यांसाठी. नाही, खरं तर लोगोसाठी, पण तो दादाचा आहे.

दादा आता सुधारलाय. विनलिंकच्या पत्त्यावर महिन्यातून एक-दोनदा त्याचं पत्र येतं, गरज नसताना, व्हॉट्सअ‍ॅप चालू असताना. सही नाही, लोगो नाही. विषयात त्या दोन तिरप्या रेघा अजूनही इमानाने टाकतो, आता लागत नाहीत तरी. मागच्या बुधवारी बॅटरीवर उतरवलेलं पत्र असं: "पाऊस आहे. पूल इशारापातळीच्या खाली. आईची कंबर बरी. वारा नाही, खरा वारा म्हणतोय मी."